पेपर सुटल्यानंतरची पडताळणी

परीक्षा संपल्यावर केंद्राच्या फाटकाबाहेर घोळक्याने उभे राहून एकमेकांची उत्तरे ताडून पाहायची, ही विद्यार्थ्यांची प्रथा उभी राहायला दोन गोष्टी लागतात. सगळ्यांना एकाच वेळी एकच प्रश्न विचारलेला असावा आणि प्रश्नपत्रिका हातात घेऊन बाहेर पडता यावे. तोंडी परीक्षेत दोन्ही नसतात; तिथे प्रत्येकाला वेगळे विचारले जाते आणि विचारलेले तिथेच संपते. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा मोठ्या समुदायाची एकाच छापील प्रश्नपत्रिकेवरची लेखी परीक्षा इकडे रुजली. ‘पेपर कसा गेला?’ हा प्रश्न तेव्हापासून घराघरांत शिरला.

या पडताळणीला सर्वाधिक धार येते ती रसायनशास्त्राच्या पेपरानंतर. निबंधाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी जुळवता येत नाही आणि भूमितीची सिद्धता दोन वाटांनी करता येते, पण रसायनशास्त्रातल्या गणिताला शेवटी एक आकडा आणि एक एकक लागते. महाराष्ट्राच्या बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. त्यामुळे शेवटच्या दशांश स्थळात थोडा फरक पडला तर कोणी घाबरत नाही. घाबरण्याचे कारण वेगळे असते. एन्थाल्पीतील बदल उणे ५० किलोज्यूल, एन्ट्रॉपीतील बदल दर केल्विनला उणे १०० ज्यूल आणि तापमान ३०० केल्विन दिले असेल, तर गिब्ज ऊर्जेतील बदल उणे २० किलोज्यूल येतो. ज्याने ज्यूलचे किलोज्यूल केले नाहीत त्याचे उत्तर अधिक २९,९५० येते. चिन्हच उलटते आणि आपोआप घडणारी अभिक्रिया कागदावर अशक्य ठरते. ‘तुझं प्लस आलं की मायनस?’ एवढ्या एका प्रश्नाने फाटकापाशी ही चूक उघडी पडते. सेंद्रिय भागात असेच घडते ते अभिक्रियेच्या अटींवरून. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया झाली की मुख्यतः २-ब्रोमोप्रोपेन मिळते, पण प्रश्नात पेरॉक्साइडचा उल्लेख असेल तर १-ब्रोमोप्रोपेन. तो एक शब्द कोणी वाचला आणि कोणाच्या नजरेतून निसटला, हे दोन मिनिटांत कळते.

‘झालेला पेपर विसरा, पुढच्याला लागा’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला समंजस आहे. पुढच्या पेपराची झोप त्यामुळे वाचते. तरीही ही पडताळणी केवळ धास्तीपोटी होत नाही. प्रश्नच चुकीचा छापला असेल तर ते पहिल्यांदा कळण्याचा तो मार्ग आहे, कारण चार हुशार मुलांची उत्तरे एकमेकांशी जुळतात आणि पर्यायांत मात्र ते उत्तर सापडत नाही.

दीर्घोत्तरी परीक्षांच्या काळात या जाणिवेला पुढे कुठे जागा नव्हती. पायऱ्यांना गुण मिळत, परीक्षकाकडची आदर्श उत्तरपत्रिका बाहेर येत नसे आणि विद्यार्थ्याच्या हाती थेट निकाल पडे. बहुपर्यायी परीक्षेने हे बदलले. इथे उत्तर म्हणजे एक अक्षर, आणि प्राश्निकाने ठरवलेल्या अक्षरांची यादी म्हणजे उत्तरतालिका. ती छापली की कोणालाही तपासता येते.

१९८२ साली उत्तर प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेनंतर नेमके हेच झाले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विषयांची ही परीक्षा कानपूर विद्यापीठाने घेतली आणि निकालासोबत उत्तरतालिकाही प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांनी ती पाठ्यपुस्तकांशी ताडून पाहिली, काही उत्तरे चुकीची असल्याचे दाखवले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी १९८३ मध्ये दिलेला निकाल आजही आधार मानला जातो. उत्तरतालिका बरोबर आहे असेच गृहीत धरावे, मात्र ती चुकीची असल्याचे स्पष्टपणे सिद्ध झाले तर बरोबर उत्तर लिहिणाऱ्याला शिक्षा होऊ नये, असे त्यात म्हटले आहे. तालिका गुप्त ठेवली असती तर वाद झाला नसता, पण अनेकांना अन्याय मुकाट्याने सोसावा लागला असता, हेही न्यायालयाने नोंदवले. शास्त्रीय प्रश्नांचे भाषांतर करणाऱ्याला परिभाषा कळली पाहिजे, ही त्यातली सूचना मातृभाषेतून परीक्षा देणाऱ्यांच्या दृष्टीने फार मोलाची होती.

बोर्डाच्या परीक्षेत मात्र दार बंदच राहिले. महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमानुसार विद्यार्थ्याला गुणांची बेरीज पडताळून घेता येई. उत्तरपत्रिका पाहता येत नसे. मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला होता, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध मानला. फाटकापाशी जुळवलेली उत्तरे आणि हातात आलेले गुण यांत कितीही अंतर पडले तरी त्याचा उलगडा करण्याचे साधन त्यामुळे उरले नाही.

माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला आणि चित्र पालटले. आयआयटीची प्रवेशपरीक्षा २००६ पासून पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली. त्या वर्षीचे विषयवार किमान गुण माहितीच्या अधिकारातून बाहेर आले: गणित ३७, भौतिकशास्त्र ४८ आणि रसायनशास्त्र ५५. एकूण गुण भरपूर असूनही रसायनशास्त्रात ५४ पडलेला विद्यार्थी बाहेर राहत होता. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा परीक्षार्थीचा माहितीचा अधिकारच असल्याचे ठरवले.

आता जेईई मेन संगणकावर होते, तेव्हा प्रश्नपत्रिका घेऊन बाहेर पडता येत नाही. मुले आठवणीतून प्रश्न सांगतात आणि क्लासवाले ते जुळवून त्याच दिवशी उत्तरे मांडतात. काही दिवसांनी तात्पुरती उत्तरतालिका येते आणि शुल्क भरून तिच्यावर हरकत घेता येते. पैसे मोजून चूक दाखवायची ही रीत गरीब विद्यार्थ्यावर अन्याय करणारी आहे.

२०२४ च्या नीट परीक्षेतला वाद अणूविषयीच्या एका विधानाचा होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असे पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत छापले होते. नव्या आवृत्तीने ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ अशी दुरुस्ती केली होती. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने दोन्ही पर्यायांना गुण दिले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, म्हणजे १९८३ चा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींचे चिरंजीव, यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचे मत मागवले. एकच पर्याय बरोबर ठरला, चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण कमी झाले आणि सुधारित निकालात ७२० पैकी ७२० गुण असलेले १७ जण उरले.