परत केलेलें अक्षर

मोडी लिहिणारा आधीं आडवी रेघ ओढी आणि मग तिच्याखालीं अक्षरें लिहीत जाई. दोन शब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नव्हती. त्यामुळें शब्द कोठें संपला हें पुढचें अक्षर पाहिल्याखेरीज वाचणाराला कळत नसे. मुंबईहून घाटावर जाणाऱ्या वाटेवरच्या पनवेल बंदराचेंच उदाहरण घ्यावें. 'पनवेल' वाचून झाल्यावर 'क' आला, तर तो 'पनवेलकर' या आडनांवाचा, कीं 'पनवेल कल्याण' यांतील दुसऱ्या गांवाचा? त्यापुढें 'ल्या' दिसला, कीं दोन्ही अक्षरें पुढच्या शब्दाकडे परत करावयाचीं, हाच उपाय.

हीच अडचण पुढें संगणकालाहि पडली. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास 'सी' ही संगणकाची भाषा घडविली. तींत लिहिलेली आज्ञावली बाहेरून येणारा मजकूर एकेक अक्षर करून घेऊं शकते. ४१०२०६ हा पनवेलचा पिनकोड पुरा झाला, हें त्यामागचा स्वल्पविराम वाचल्यावरच तिला कळतें. पण तो स्वल्पविराम संख्येचा नव्हे. म्हणून तो प्रवाहांत परत ढकलावा लागतो. ब्रायन कर्निघन व रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथांत अक्षर घेणें व परत करणें या जोडकामाचा नमुना दिलेला आहे. १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तींत त्यासाठीं 'अनगेट-सी' हें तयार साधनच होतें. परत केलेलें अक्षर मूळ फाइलींत लिहिलें जात नाहीं. तें प्रवाहाच्या तोंडाशीं थांबतें व पुढच्या वाचनांत पहिलें मिळतें.

१९८९ च्या अमेरिकन प्रमाणानें हमी दिली ती मात्र एकाच अक्षराची. इंग्रजीपुरती ती बहुधा पुरे, कारण तेथें एक अक्षर म्हणजे एक बाइट. परंतु १९९२ सालीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं योजिलेल्या यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'पनवेल' हीं चार अक्षरें, चिन्हें पांच, बाइट पंधरा! साधा 'प' परत करावयाचा तरी हमी तृतीयांशाचीच. १९९५ च्या दुरुस्तीनें एकाहून अधिक बाइटांच्या चिन्हांसाठीं निराळें साधन आलें आणि 'प' अखंड परत करतां येऊं लागला. पण 'वे' म्हणजे व आणि मात्रा, अशीं दोन चिन्हें. तेथें हमी पुन्हां अर्ध्यावर थांबते.

'अक्षर' कशाला म्हणावें, हें ठरविणारांच्या दृष्टीसमोर मराठी नव्हती. म्हणून मराठी मजकूर वाचणाऱ्या आज्ञावलीनें परत करावयाच्या चिन्हांचा सांठा स्वतःजवळ बाळगणें हेंच सुरक्षित. १९७८ च्या ग्रंथांतील नमुन्यानें असा शंभर अक्षरांचा सांठा ठेविला होता; मोडी वाचणारा कारकून तो आपल्या स्मरणांत ठेवीत असे.