सुलतान बाजारातील स्थलांतरित मराठी मुले आणि प्राथमिक गणित : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्थलांतरित मुलाचे गणित कच्चे आहे, असे आपण सहज म्हणून जातो. ते गणितात कच्चे असते की संख्यांच्या भाषेत, हे मात्र तपासून पाहत नाही. या दृष्टीने हैदराबादच्या सुलतान बाजाराचा इतिहास उद्बोधक आहे.

पार्श्वभूमी

निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठीभाषक जिल्हे होते. नोकरी, वकिली व व्यापार यांनिमित्त तेथील अनेक कुटुंबे राजधानीत स्थायिक झाली. सुलतान बाजार १९३३ पर्यंत ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अखत्यारीत होता. त्याच परिसरात १९०७ मध्ये केशवराव कोरटकर आदींच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी शाळा सुरू झाली. राज्यकारभार उर्दूत चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने गणितासह आधुनिक विषयांसाठी उर्दू माध्यम स्वीकारले.

संख्यांची भाषा

मराठी मुलाला उर्दू गणनेत फारसे परकेपण वाटण्याचे कारण नव्हते. बाईस-बावीस, डेढ-दीड, ढाई-अडीच हे शब्द सख्ख्या भावंडांसारखे आहेत. उर्दू लिपी उजवीकडून लिहिली, तरी संख्या डावीकडूनच मांडतात. अडचण अंकचिन्हांची होती; उर्दूत शून्य म्हणजे केवळ ठिपका.

बाजारात तर त्रैराशिकच उभे होते. सुमारे ७ हाली रुपयांना ६ कलदार रुपये मिळत. म्हणजे ४२ कलदारांसाठी ४९ हाली. असा व्यवहार घरात ऐकणाऱ्या मुलाला गणित येत नाही, असे कसे म्हणावे?

१९५६ नंतर हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झाले आणि तेलुगूचे महत्त्व वाढले. तेलुगूत २१ म्हणजे ‘इरवै ओकटि’, आधी वीस व मग एक. मराठी ‘एकवीस’ व उर्दू ‘इक्कीस’ यांत एकक आधी येतो. २९ ला आपण ‘एकोणतीस’, उर्दूभाषक ‘उनतीस’ म्हणतात. तेलुगूत वीस व नऊ. म्हणून ऐकलेली संख्या लिहिताना मुलाने अंकांची अदलाबदल केली, तर तो बुद्धीचा दोष ठरत नाही. महाराष्ट्रातही २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन सुचविल्यावर मोठा वाद झाला, तो याच प्रश्नाशी निगडित होता.

निष्कर्ष

आज महाराष्ट्रातील शाळांतही परप्रांतीय मुले येतात. त्यांना ‘ढ’ ठरविण्यापूर्वी शिक्षकाने एवढेच विचारावे : बाळ, तुझ्या घरी कसे मोजतात? त्या उत्तरापासून अध्यापनास प्रारंभ केल्यास गणित परके राहणार नाही.