दाराआडची तसबीर

मराठीतला ‘तसबीर’ हा शब्द अरबी ‘तस्वीर’ फारसीवाटे इकडे आला तेव्हा घडला. उर्दूत तस्वीर म्हणजे कोणतेही चित्र. मराठीत मात्र तसबीर म्हटले की चौकट, काच आणि खिळा डोळ्यांसमोर येतो. शब्द इकडे आला आणि त्याला भिंत मिळाली. आता प्रश्न एवढाच की कोणती भिंत?

पुण्यातल्या सामान्य घरांच्या भिंतीवर चित्र लागले त्याला फार काळ झालेला नाही. पेशवाईत भिंती रंगवून घेणे हे सरदार-सावकारांचे काम. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा सुरू केली आणि देवादिकांची, नाना फडणविसांसारख्या पुरुषांची छापील चित्रे घरोघर जाऊ लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्र स्वस्त झाले, तसबीर सामान्यांची झाली.

तरी दाराआडच्या भिंतीचा प्रश्न तेव्हा फारसा नव्हता. जुन्या वाड्यांच्या भिंती जाड, दारे दोन कवाडांची. कवाड अरुंद असल्यामुळे उघडले तरी ते बहुधा भिंतीच्या जाडीतच मावायचे. चाळी आल्या तशा भिंती पातळ होऊ लागल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे कोसळले आणि शहर सिमेंटच्या इमारतींकडे वेगाने वळले. या नव्या खोल्यांत दार एका झडपेचे. ते पूर्ण उघडले की शेजारच्या भिंतीला टेकते आणि अडीच-तीन फूट भिंत झाकून टाकते. दोन खोल्यांच्या संसाराला एवढी भिंत सोडून देणे परवडत नाही.

मग तिथे काय लावायचे? जाड चौकट लावली तर दाराची कडी काचेवर आपटते. म्हणून तिथे पातळ वस्तू गेली : कॅलेंडर. १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ कितीतरी घरांत दारामागेच लटकते. आमच्याकडे नमाजच्या वेळांची तक्ती तिथे असते.

नाना पेठ, भवानी पेठेतल्या मुस्लिम घरांत मी आणखी एक गोष्ट पाहिली आहे. पुण्यात किबला पश्चिमेला. त्या भिंतीवर माणसाची तस्वीर नको, हे बहुतेक घरांत पाळतात. तिथे फार तर तुगरा किंवा काबेचे चित्र. आयतीची चौकट दारामागे कुणी लावत नाही. तिला दाराचा धक्का लागणे हे अदबीत बसत नाही. पण दादाजानचा एकुलता एक फोटो? तो फेकवत नाही आणि समोर लावायचा तर घरातच दोन मते. असा फोटो दाराआड जातो. दार उघडले की झाकला जातो, नमाज निर्वेध होते. रात्री दार लावले की दादाजान घरच्यांत येऊन बसतात. वाद न घालता काढलेली ही तडजोड कुठल्या किताबात नाही, पण ती पिढ्यांना सांभाळून घेते.

आज पेठांत पुनर्विकास चालू आहे. सामान हलवताना दारे सताड उघडी असतात, त्यामुळे आडच्या भिंतीवरचे नेमके विसरले जाते. भिंतीबरोबर घरातला एक चेहरा ढिगाऱ्यात जातो, आणि बऱ्याचदा त्याची दुसरी प्रत कुणाकडेच नसते.

म्हणून घर सोडण्याआधी प्रत्येक दार एकदा आतून लावून पाहा. मागे तसबीर सापडली तर उतरवून तिच्या पाठीवर पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच लिहा, कारण सांगणारे आता थोडे उरले आहेत.