‘शिक्षा’ : एक शब्द, दोन अर्थ

हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. आपल्या मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. पांढुर्णा-सौंसरच्या मुलाला हे दोन्ही अर्थ एकाच वर्गात भेटतात.

माझ्या बाकावर एक मित्र बसे. बापाच्या संत्र्यांचा हिशेब तोंडी करायचा. पुस्तकातली ओळ वाचायची म्हटली की घामाघूम. गुरुजी म्हणत, ‘चेष्टा करो’. म्हणजे प्रयत्न कर. त्याला वाटे, आपली चेष्टाच चालली आहे. वर्गाने त्याला ‘ढ’ ठरवले. चौथीत त्याची शाळा सुटली.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आपलीच राजधानी होती. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले. आपण नव्या मध्यप्रदेशात राहिलो. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आणले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, यासाठी राज्याने झटावे, असे ते सांगते.

पण भाषेची अडचण वेगळी आणि अक्षरांची वेगळी. काही हुशार मुलांनाही अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालणे जड जाते. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातल्या सात प्रकारांत या मुलांना जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ घेतली आणि ती लवकर ओळखून मदत करण्याचे काम शाळांकडेही आले.

ओळखायचे कसे? आपल्याकडे दोन्ही भाषांची लिपी एकच, म्हणून घोटाळा अधिक. मुलाला आधी मराठीत विचारावे. मराठी नीट वाचतो आणि हिंदीत अडतो, तर अडचण भाषेची. तिथे मराठीतून समजावले की गाडी रुळावर येते. ऐकलेली गोष्ट घडाघडा सांगतो, पण शिकवूनही दोन्ही भाषांत अक्षरांपाशीच अडखळतो, तर जाणकाराकडून तपासणी हवी. तोवर धडा वाचून दाखवावा, उत्तर तोंडी घ्यावे, लिहायला जादा वेळ द्यावा. याला पैसा लागत नाही.

२०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. माझ्या मित्राची अडचण या दोहोंपैकी कोणती होती, हे मात्र आज सांगता येत नाही. त्याला मराठीत कोणी विचारलेच नाही, मीही नाही.

वाचकहो, यंदा फराळाला बसाल तेव्हा घरातल्या मुलाकडून हे एक पान वाचून घ्या. अडखळला तर रागावू नका. का अडखळला, ते विचारा.