बदकांची शिदोरी

‘मेघदूता’तील पूर्वमेघ शिकवताना एका श्लोकापाशी आम्ही दरवर्षी थोडे रेंगाळतो. मेघाची गर्जना ऐकून मानसरोवराकडे निघालेले राजहंस कमळाच्या देठांचे कोवळे तुकडे शिदोरी म्हणून बरोबर घेतात आणि कैलासापर्यंत मेघाची सोबत करतात, अशी तेथील कल्पना. वर्गात आम्ही तिला कविसंकेत म्हणतो, चक्रवाकाच्या विरहाशेजारी बसवतो आणि पुढे जातो. काही वर्षांपूर्वी दिव्याहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, हंस जातात कधी ते कळले, पण आमच्या खाडीवर बदके येतात ती कधी आणि कशासाठी?’ आमच्यापैकी कोणालाही त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पुढे उत्तर शोधू लागलो, तेव्हा ते प्रथम सापडले ते शिकाऱ्यांच्या ग्रंथांत. ही गोष्ट आम्हाला काहीशी अडचणीची वाटली आणि म्हणूनच हे टिपण लिहावेसे वाटले.

आधी पक्ष्यांची बाजू पाहू. सैबेरिया आणि कझाकस्तान या भागांतील बदकांना निघण्याची पहिली सूचना देतो तो लहान होत जाणारा दिवस. परंतु सूचना मिळणे आणि प्रत्यक्ष निघणे यांत अंतर असते, आणि ते अंतर हवामान व अन्न ठरवतात. निघण्यापूर्वी बदक दिवसरात्र खाते. कातडीखाली साठलेली चरबी हीच त्याची वाटेवरची शिदोरी. कालिदासाचा शब्द येथे अक्षरशः खरा ठरतो, फक्त ती चोचीत नसून अंगात असते. थंडी आली की उथळ पाणी सर्वांत आधी गोठते. शेपटी वर करून तळ चाळणाऱ्या बदकांचे दाणापाणी एका रात्रीत बंद होते. मग पाठीमागून वारा मिळाला की थवे उठतात. थंडीपेक्षा उपासमार त्यांना हलवते असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. युरोपात हिवाळे सौम्य होऊ लागल्यावर काही जातींची बदके पूर्वीइतकी खाली न येता उत्तरेकडेच थांबू लागली, हा त्याचाच पुरावा.

सर्व बदके मात्र एका नियमाने वागत नाहीत. भुवई बदक थंडीची वाट पाहतच नाही. पावसाळा पुरता सरण्याआधी, ऑगस्ट-सप्टेंबरातच ते भारतात उतरू लागते. चक्रांग, थापट्या आणि तलवार बदक त्यामागून, थंडीच्या पावलांनी येतात. थापट्याची फावड्यासारखी चोच पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून घेण्यासाठी, तर तलवार बदकाची लांब मान जरा खोल पाण्याचा तळ गाठण्यासाठी. आणि ज्या चक्रवाकाला आपण केवळ रात्रीच्या विरहाचे प्रतीक करून ठेवले, तो हिमालय ओलांडताना 6,800 मीटरपर्यंत उंच जातो, असे उपग्रहाद्वारे केलेल्या नोंदींतून 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतीकाला एवढे पंख असतील याची आम्हाला कल्पना नव्हती.

आता या टोकाकडे, म्हणजे आपल्या खाडीकडे येऊ. पाहुणा पक्षी कोठे उतरतो हे येथील पावसावर अवलंबून असते. पाऊस उत्तम झाला की डबकी, तलाव, धरणांचे फुगवटे सर्वत्र भरलेले राहतात आणि थवे विखुरतात. पाऊस ओढ देतो तेव्हा उरलेल्या थोड्या पाण्यावर गर्दी होते, किंवा पक्षी तेथे न थांबता पुढे निघून जातात. ठाण्यापासून मुंब्रा-दिव्यापर्यंत आणि पुढे उल्हास नदीच्या काठाने कल्याणपर्यंत जो प्रदेश पसरला आहे, त्याची रचनाच या पाहुणचाराला सोयीची होती. खाडीचा गाळ दिवसातून दोनदा ओहोटीने उघडा पडे. मिठागरांत मीठ पिकवण्याचे काम पावसाळ्यानंतर सुरू होई, तोवर त्या आखीव कप्प्यांत वीतभर पाणी साचलेले असे. आणि खाडीलगतच्या खाजणांत व त्यावरच्या वरकस जमिनींखालील खाचरांत आश्विन-कार्तिकात भात कापले जाई. कापणीत गळालेला दाणा, ओल धरून असलेली माती, बांधाच्या आडोशाला उरलेले पाणी: उत्तरेत पाणी गोठत असताना इथे नेमके ताट वाढलेले असे. दोन पंचांगांचा असा मेळ कोणी जुळवलेला नव्हता.

शिकाऱ्याचा हंगाम म्हणजे या मेळाची त्याने ठेवलेली नोंद. बदके दिवसा मोठ्या पाण्यावर विसावतात आणि अंधार पडू लागला की चरायला शेतांवर जातात, विशेषतः बंदुकीची सवय झाल्यावर. म्हणून शिकारी संध्याकाळी पाणी आणि शेत यांच्या मधल्या वाटेवर दबा धरून बसे. त्याला पक्ष्याचे अन्न ठाऊक असावेच लागे. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला; मुंबईच्या साहेबाला खाडी काही तासांच्या अंतरावर आली. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्या वाचकांना काँग्रेसच्या स्थापनेमुळे माहीत असतात. त्याच ह्यूमने मार्शल या सहकाऱ्यासह 1879 ते 1881 या काळात भारत, ब्रह्मदेश व सिलोनमधील शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले. कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात येतो, कोठे काय खातो, याची माहिती देशभरच्या पत्रव्यवहारातून गोळा केलेली होती. (पुढे त्याची उरलेली हस्तलिखिते सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावाने गेली. ग्रंथालयांची रद्दी पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचून फारसे आश्चर्य वाटू नये.) स्टुअर्ट बेकर या पोलीस अधिकाऱ्याचा भारतीय बदकांवरील ग्रंथ 1908 चा. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई व साष्टीच्या पक्ष्यांची यादी 1936 पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. अब्दुलअली स्वतः शिकारी होते.

येथे मराठीच्या अध्यापकांनी थांबावे असा एक तपशील आहे. ही सोसायटी 1883 मध्ये आठ जणांनी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी वैद्य होते. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे बंधू. एका भावाने भाषेचे नियम लिहिले, दुसरा सृष्टीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा पाया घालण्यास गेला. पण नोंदी झाल्या त्या इंग्रजीत. अडई, थापट्या, हळदीकुंकू असे नेमके पाहून ठेवलेले शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडी राहिले, आणि आमच्या काव्यात मात्र हंस आणि चक्रवाक एवढेच उरले. मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची लोकांतली नावे वेचून ती मराठी ग्रंथांत आणेपर्यंत पुढचे जवळजवळ एक शतक जावे लागले.

खाडीवरील शिकारीचे स्वरूप कळण्यासाठी भरतपूरशी तुलना उपयोगी पडते. तेथील संस्थानिकांनी बंधारे बांधून, पाणी सोडून उथळ जलाशय मुद्दाम तयार केला. बदकांसाठी अन्न आणि पाणी राजाज्ञेने मांडले. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने तेथे एका दिवसात 4,273 पक्षी मारले, आणि तो आकडा दगडावर कोरलेला आजही वाचता येतो. ठाण्याला असा राजा नव्हता. येथे ते ताट वाढले आगरी शेतकऱ्याने आणि मिठागरातल्या मजुराने, तेही बदकांसाठी नव्हे. शिकारी ग्रंथांत शेताचा उल्लेख बदक बसते ती जागा म्हणून येतो, ते कोणाचे हे क्वचितच येते. या नोंदींचे ऋण मान्य करूनही ही उणीव आम्हाला नजरेआड करता येत नाही.

कायद्यानेही हंगाम आखला, पण त्याचे पंचांग वेगळे होते. 1887 च्या कायद्याने विणीच्या काळात मारलेले पक्षी शहरांत विकण्यास मनाई केली. 1912 च्या कायद्याने सरकारांना शिकारबंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार दिला. अडई आणि हळदीकुंकू बदक पावसाळ्यात येथेच अंडी घालतात, त्यांना याचा आधार झाला असेल. भुवई किंवा तलवार बदकाची वीण हजारो मैलांवर. बंदीच्या बहुतेक काळात ते येथे नसेच, आणि असे तेव्हा बंदूक मोकळी असे. 1951 च्या मुंबई राज्याच्या वन्यपक्षी संरक्षण कायद्यामागे अब्दुलअलींचा मोठा हात होता, ही शिकाऱ्याने केलेली परतफेड म्हणावी. 1972 च्या केंद्रीय कायद्यानंतरही परवान्यावर काही शिकार शक्य होती. 1991 च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली.

म्हणजे बंदूक गेली, पण ताटही उचलले गेले. खाजणे भरावाखाली गेली, डोंबिवली-दिव्याकडील खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, मिठागरे आटली. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. लाखावर गेलेले फ्लेमिंगो तेथे शैवालावर जगतात, आणि त्या शैवालाला शहराचे सांडपाणी पोसते. भाताच्या दाण्यावर येणाऱ्या पाहुण्याला त्या अन्नाचा उपयोग नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही यातले बरेचसे पुढच्या सत्रात सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, की घरी आजोबांना विचारले होते. ते म्हणाले, भात कापून झाले की येत. आता कापायला शेत नाही, त्यामुळे येतात की नाही ते त्यांनी पाहिलेले नाही.