गोधडी शिवताना थर सरकतात? आधी कच्चे टाके घाला. जाणून घ्या सोप्या पद्धती

उन्हाळ्यात शेतातली कामं थोडी कमी झाली की गावोगावी गोधडी, म्हणजेच वाकळ, शिवायला घेतली जाते. पण अर्धी शिवून झाल्यावर मधेच फुगवटा येतो, खालच्या लुगड्याला चुण्या पडतात आणि चार दिवसांची मेहनत उसवावी लागते. कारण एकच, थर आधी नीट टाचलेले नसतात.

आधी तयारी
सगळी कापडं धुऊन, वाळवून घ्यावीत. नवं सुती कापड न धुता वापरलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि गोधडी आक्रसते. खालचं कापड उलटं अंथरून चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावं. कापड सपाट हवं, पण ताणलेलं नको. ताणलेलं कापड सोडल्यावर आखडतं आणि चुण्या पडतात. त्यावर जुन्या साड्या, धोतरांचे थर एकेक करून पसरावेत. जोड एकावर एक येऊ देऊ नयेत, नाहीतर तिथं सुई जात नाही. खालचं कापड चारही बाजूंनी दोन-तीन इंच जास्त ठेवावं.

दोऱ्याने टाचणे
हाताने शिवायच्या जाड गोधडीला ही पद्धत चांगली. लांब सुईने मधोमध सुरुवात करून कडेकडे जावं. आधी उभी-आडवी फुली, मग वीतभर अंतरावर ओळी. टाके दोन-दोन इंचाचे, सैल. दोरा पांढरा घ्यावा, गडद दोऱ्याचा रंग उतरू शकतो.

सेफ्टी पिना
मशीनवर शिवायचं असेल तर पिना बऱ्या, कारण कच्चा दोरा मशीनच्या पायात अडकतो. मूठभर अंतरावर एक पिन लावावी आणि शिलाई जवळ आली की काढावी. गंजलेली पिन वापरू नये, डाग जात नाही.

टाचून झालं की गोधडी उलटून बघा. चुणी दिसली तर तेवढेच टाके काढून सरळ करा, आत्ता पाच मिनिटांचं काम आहे. कच्चा दोरा पूर्ण शिलाई झाल्यावरच काढायचा.

हे विसरू नका
सुया, पिना मोजून घ्या आणि शेवटी पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली तर सापडेपर्यंत गोधडी कुणाच्या अंगावर घालू नका. बाळाचं दुपटं असेल तर दोन्ही बाजू बोटांनी चाचपून बघाच.