नामदेवांची पदे आणि त्यांचे राग

नरसी : हिंगोली जिल्ह्यातील गाव, आता ‘नरसी नामदेव’. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून वारकरी इथे येतात. काही अभ्यासक मात्र पंढरपूरचा पक्ष घेतात. विसोबा खेचर नामदेवांना गुरू म्हणून भेटले ते औंढा नागनाथाच्या देवळात, अशी परंपरा आहे.

नामदेवांना नुसते कवी म्हणणे अपुरे ठरेल. त्यांची रचना गाण्यासाठीच होती, आणि कीर्तन लोकांत रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा. शीख गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आसा, सोरठ, तोडी, भैरव, मल्हार अशा १८ रागांखाली लावलेली आहेत. पंजाबातल्या गुरुद्वारांत रागी (कीर्तन गाणारे गायक) आजही ती गातात.